दारवानाचा शोध

त्याला प्रयोगशाळेत सगळे मौनीबाबा म्हणायचे, आणि हे नाव त्यानं घाम न गाळता कमावलं होतं. बैठक कसलीही असो, तो दाराजवळची खुर्ची धरायचा, मान खाली घालून कागदावर त्रिकोण काढत बसायचा आणि बैठक संपली की सगळ्यांच्या आधी उठायचा. कुणी काही विचारलंच, तर मान अशी बेतानं हलवायचा की विचारणाऱ्याला हवं ते उत्तर मिळावं. अशा माणसाचा कुणाला राग येत नाही, उलट कीव येते. मौनीबाबाची तर फारच यायची, कारण त्याच्या डोक्यावर बाई होत्या.

बाई म्हणजे विभागप्रमुख. त्यांचा आवाज बंद काचेपलीकडेही ऐकू जायचा. कुणी चुकीचा आकडा सांगितला की त्या त्याला वाक्य पुरं करू देत नसत, आणि बरोबर सांगितला तरी अर्ध्यातच "पुढे?" म्हणत. सगळा विभाग त्यांना टरकून होता. "हुशार माणूस हो," लोक मौनीबाबाबद्दल हळहळत, "पण बाई तोंड उघडू देतील तर ना!" हे त्याच्या कानावर यायचं आणि, खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटायचं. घरी बायकोनं कधी विचारलं, "अहो, इतकं सगळं तुम्ही करता आणि नाव तिचं पुढे कसं?" तर तो सुस्कारा टाकून म्हणायचा, "बोलायची सोय आहे का तिथं?" त्या माउलीनं बाईंना उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण वीस वर्षं मनापासून शिव्या घातल्या होत्या.

आता या दोघांनी मिळून लावलेला शोध काय होता, ते आधी ऐका, म्हणजे पुढची गंमत कळेल.

कुठलाही साधासुधा विषाणू पेशीत शिरला की पेशी बोंब ठोकते. आतला एक निरोप्या धावत केंद्रकात जातो, "घरात चोर शिरलाय" म्हणून सांगतो, आणि मग पेशी इंटरफेरॉन नावाचं द्रव्य बाहेर सोडते. ते शेजारच्या पेशींना पोचलं की त्या आपापल्या कड्या लावून घेतात. माणसाला ताप भरतो, अंग मोडून येतं, तो कण्हतो आणि विषाणूला नावं ठेवतो. खरं तर ही सगळी बोंबाबोंब त्याच्या स्वतःच्याच सैन्याची असते आणि भल्याची असते. पण वटवाघळांकडून माणसांत येणारा एक विषाणू होता, धरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं नेणारा, आणि त्याची खोड अशी की तो आत शिरला तरी पेशी हूं की चूं करत नसे. शेजाऱ्यांना पत्ता लागेपर्यंत अख्खी आळी लुटून व्हायची.

हे कसं होतं, ते बाई आणि मौनीबाबा यांनी दाखवून दिलं होतं. विषाणू आपलं एक प्रथिन केंद्रकाच्या दाराशी उभं करतो आणि ते निरोप्याला आत जाऊच देत नाही. त्या प्रथिनाला त्यांनी नाव दिलं दारवान. शोध गाजला. देशोदेशीच्या परिषदांत दारवानाचं चित्र पडद्यावर झळकलं: मोठ्ठं दार, दारात आडवा दंडुका घेतलेला दारवान आणि समोर हात जोडून उभा असलेला बापडा निरोप्या. चित्र मौनीबाबानं काढलं होतं. पहिल्या कच्च्या चित्रात दारवानाला अंबाडा आणि सोनेरी काड्यांचा चष्मा होता. ते त्यानं खोडून मिशा काढल्या, पण निरोप्याचा चेहरा तेवढा तसाच, स्वतःसारखा, ठेवला.

शोधामागोमाग औषध आलं. एका कंपनीनं दारवानाला चिकटून त्याला दारातून दूर ओढणारं औषध तयार केलं. नुसत्या नळीत घातलं तर ते दारवानाला डिंकासारखं चिकटायचं, त्यात शंकाच नव्हती. घोडं अडलं ते पुढे. विषाणूनं भरलेल्या पेशींना औषध दिलं की दारवान हटायला हवा, निरोप्या आत जायला हवा आणि पेशीनं एकदाची बोंब ठोकायला हवी. पेशी गप्पच.

"डोस कमी पडतोय," बाई म्हणाल्या. "वाढवा."

वाढवला. पेशी गप्प.

"आणखी वाढवा."

मौनीबाबानं मुकाट्यानं आणखी वाढवला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या मनात पाल चुकचुकली. गळ्यावरचा हात काढूनही माणूस ओरडत नसेल, तर गळ्यावर हात होता हे कुणी पाहिलं? पण ही शंका बैठकीत बोलायची म्हणजे आधी तोंड उघडायला हवं. तो मूग गिळून बसला.

इकडे साथीचा मोसम जवळ येत होता आणि सगळ्यांना घाई झाली होती. पेशींचं काय ते बघू, तोवर औषध माणसाला सोसतं की नाही ते पाहून घेऊ, असं ठरलं. त्यासाठी धडधाकट माणसं हवी होती. साथ आली की सर्वांत आधी जे रोग्यांजवळ जाणार, त्या वॉर्डातल्या नर्सनाच विचारलं गेलं. आणि सगळ्यांत आधी हात वर केला तो चिमणीनं.

चिमणी ही मौनीबाबाची एकुलती एक लेक. सकाळी डोळे उघडले की जी बडबड सुरू व्हायची ती झोपेतही पुरती थांबत नसे; बापाच्या वाटचंही तीच बोलते, असं तिची आई म्हणायची. साथीच्या वॉर्डात ती नर्स होती. "माझ्या बाबांचा शोध आहे," तिनं वॉर्डभर सांगितलं, "पहिली सुई मीच घेणार." तिच्याकडे बघून बाकीच्या पोरीही तयार झाल्या. पहिला डोस अगदी लहान होता. चिमणीनं तो घेतला, दिवसभर उलट्या काढल्या आणि संध्याकाळी फोनवरून आईला सांगितलं, "आई, बाबांचं औषध दारवानाआधी माझ्या पोटातलंच बाहेर काढतंय गं." मौनीबाबा शेजारच्याच खुर्चीत बसला होता. तो हसला नाही. फोन ठेवल्यावर उठून मोरीत गेला आणि नळ सोडून नुसताच उभा राहिला.

आता गुरुवारी बैठक होती. पुढचा डोस चौपट ठेवायचा, असा बेत होता. चौपट डोसाला प्राण्यांची यकृतं सुजतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दारवान हटवायचा तर थोडं सोसावंच लागणार, असंही सगळे धरून चालले होते.

मौनीबाबाला आता शांत बसवेना. तो बंदिस्त प्रयोगशाळेत गेला. जिथं जीवघेणा विषाणू हाताळतात तिथं आत जायचं म्हणजे अंगभर फुगा चढवावा लागतो, हातमोज्यांवर हातमोजे, पाठीला हवेची नळी, आणि त्या हवेचा घोंघाट इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणूनच ती जागा त्याला जगात सगळ्यांत आवडायची. तिथं कुणी बोलावं अशी कुणाची अपेक्षाच नसे.

या वेळी त्यानं बरोबर एक वेगळी कुपी नेली होती. तिच्यात होता एक निरुपद्रवी विषाणू, ज्याला पाहून कालची पेशीसुद्धा किंचाळत उठावी असा. या विषाणूवरचे प्रयोग वरच्या मजल्यावर, उघड्या प्रयोगशाळेत व्हायचे, वरच्याच पेशींवर. त्याला खाली बंदिस्त खोलीत कुणी कधी आणलंच नव्हतं; वाघाच्या पिंजऱ्यात कुणी कोंबडी बांधायला नेत नाही. म्हणजे झालं होतं असं, की निरुपद्रवी विषाणू घातला तर पेशी ओरडतात हे पाहिलं होतं वरच्या पेशींवर, आणि जीवघेणा घातला तर गप्प बसतात हे पाहिलं होतं खालच्या पेशींवर. दोन्हींच्या बाटल्यांवर लेबल एकच होतं, "माणसाचं फुप्फुस". लेबल एक म्हणजे पेशीही एकच, असं सगळे समजून चालले होते. त्यानं खालच्या पेशींवर तो निरुपद्रवी विषाणू घातला आणि थांबला.

दुसऱ्या दिवशी येऊन पाहिलं. पेशी गप्प. साध्या, बावळट, कुणाच्याही अध्यात ना मध्यात अशा विषाणूसमोरही गप्प.

मग त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी नीट पाहिल्या, इतक्या वर्षांत पाहिल्या नव्हत्या तितक्या नीट. त्या माणसाच्या नव्हत्याच. त्या होत्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या. विषाणू वाढवायला जगभर सगळे त्याच वापरतात, कारण त्यांच्यात इंटरफेरॉन बनवायची सोयच मुळातून नाही. त्या ओरडूच शकत नाहीत, म्हणून विषाणू त्यांच्यात गुण्यागोविंदानं वाढतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही पाठ असतं. त्या बंदिस्त खोलीत माणसाच्या आणि माकडाच्या, दोन्ही पेशी एकाच फळीवर शेजारी-शेजारी ठेवलेल्या असायच्या आणि दोघींना खाऊ एकाच बाटलीतून घातला जायचा. आतल्या खोलीत वस्तू नेणं म्हणजे दिव्य, तेव्हा एका बाटलीत भागवा, अशी तिथली पहिल्यापासूनची रीत. कधीतरी एखादा थेंब इकडचा तिकडे गेला असणार. माकडाच्या पेशी वाढतात भराभरा. त्यांनी माणसाच्या पेशींचं बस्तान कधी उठवलं हे कुणाला कळलंही नाही. लेबल मात्र माणसाचंच राहिलं.

म्हणजे दारवान पेशीचं तोंड दाबतो याचा पुरावा म्हणून जगाला जे दाखवलं, ते जन्मतःच मुक्या पेशींचं गप्प बसणं होतं. दारवान होता, दाराशी उभाही दिसायचा. पण दाराशी उभा असलेला प्रत्येक जण रखवालदार नसतो. एखादा नुसता वाऱ्याला उभा असतो.

मौनीबाबानं फुगा उतरवला. हे बाईंना सांगायचं होतं.

पहिल्यांदा तो त्यांच्या खोलीशी गेला तेव्हा त्या फोनवर कुणाला तरी झापत होत्या. तो परत फिरला. दुसऱ्यांदा गेला तर दार सताड उघडं, बाई एकट्याच, डबा खात बसलेल्या. "काय रे?" त्यांनी मान वर करून विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, "सहजच." तिसऱ्यांदा गेला तो दारापर्यंत पोचलाच नाही. घरी येऊन त्यानं सांगितलं, "बाई भेटतच नाहीत." बायकोनं बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि त्याला जरा हुशारी आली.

मग त्यानं चिमणीला धरलं. "तू नाव काढून घे."

"कुठलं?"

"औषधाच्या चाचणीतलं."

"का?"

"असंच."

"बाबा, असंच कसं? अख्ख्या वॉर्डाला मी तयार केलंय. मी मागं सरले तर त्या काय म्हणतील? काही बिघडलंय का? कारण तरी सांगा."

कारण सांगायला तीन शब्द पुरले असते. ते त्याच्या जिभेवर आलेही. पण लेकीच्या डोळ्यांत जो शोध लावणारा बाप होता, तो त्या तीन शब्दांनी मेला असता. "बघू," तो म्हणाला.

गुरुवारी बैठक भरली. लांबलचक टेबल, चहाचे कप, भिंतीवर चौकटीत दारवानाचं चित्र. कंपनीचा माणूस कडक इस्त्रीत आला होता. बाईंनी चौपट डोसाचा ठराव वाचला, दोघांना मध्येच तोडलं, एकाला "तुमचा मुद्दा मला तुमच्याआधी कळला" म्हणून खाली बसवलं. मग त्यांनी नेहमीप्रमाणे चष्मा काढला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

हा प्रश्न त्या प्रत्येक बैठकीच्या शेवटी विचारायच्या. मौनीबाबानं तो शेकडो वेळा ऐकला होता, पण प्रश्न विचारल्यावर बाई काय करतात हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा तो खाली मान घालून त्रिकोण काढत असायचा. आज त्रिकोण जमेना म्हणून त्यानं वर पाहिलं. बाई थांबल्या होत्या. एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि शेवटी त्याच्याकडे बघत होत्या. घाई करत नव्हत्या.

"मग ठरलं," म्हणून त्यांनी पेन उचललं.

मौनीबाबा खाकरला. सगळ्यांना वाटलं त्याला ठसका लागला; शेजारच्यानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"पेशी मुक्या आहेत," तो म्हणाला.

त्याचा आवाज टेबलाभोवतीच्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदाच ऐकला. पेन हवेतच राहिलं. "कुठल्या?" बाईंनी विचारलं.

मग तो बोलला. आधी अडखळत, मग भडाभडा. वरच्या पेशी, खालच्या पेशी, एक बाटली, एक लेबल, माकड. कंपनीचा माणूस गोड हसून मध्ये पडला, "सर, हा तांत्रिक मुद्दा आपण नंतर निवांत बघू, आता तारखा..."

"तुम्ही गप्प बसा," बाई कडाडल्या. "तो बोलतोय."

तो बोलत राहिला. त्याचं संपल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, "वरच्या पेशींवर हाच निरुपद्रवी विषाणू घातलास?"

"घातला."

"ओरडल्या?"

"कान किटतील इतक्या."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," त्या म्हणाल्या, आणि इतक्या हळू आवाजात म्हणाल्या की पलीकडच्यांना ऐकू गेलं नाही. त्यांचाही जन्म त्याच शोधात गेला होता. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चाचणी बंद. आजपासून. आणि ते चित्र उतरवा."

सगळे उठून गेल्यावर त्यांनी त्याला थांबवलं.

"शंका पहिल्यांदा कधी आली?"

"डोस दुसऱ्यांदा वाढवला तेव्हा."

"पहिली सुई टोचायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"त्या पोरींत तुझी पोरगी होती ना रे?"

"होती."

"मग बोलला का नाहीस?"

याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. वीस वर्षं घासूनपुसून लख्ख ठेवलेलं. त्यानं तोंड उघडलं. "तुम्ही..."

"मी काय?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाईंनी आपल्याला नेमकं कधी तोडलं, हे तो आठवू लागला. इतरांना तोडल्याचे प्रसंग ढिगानं आठवले. स्वतःचा एक आठवेना. वाक्य तोडायचं तर आधी कुणीतरी ते सुरू करावं लागतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यानं शाळेत पाठ केली होती. अंगण एकदा मोजून बघावं हे मात्र त्याला आजवर सुचलं नव्हतं. "काही नाही," तो म्हणाला.

तेव्हा बाई त्याच्यावर ओरडल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि बाकीच्यांवर ओरडायच्या तशाच, अगदी पोटापासून. "काही नाही? अरे, तू गप्प आहेस म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून मी सह्या करत आले! बाकीचे घाबरट आहेत हे मला माहीत होतं. पण काही चुकत असेल तर हा माणूस बोलेल, असं वाटायचं मला!" आणि मग त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या रडत होत्या की नुसत्याच उभ्या होत्या, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

तो घरी आला तेव्हा बायको भाजी चिरत होती आणि चिमणी ओट्यावर बसून पाय हलवत वॉर्डातली काहीतरी कथा रंगवून सांगत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पेशी, माकड, बाटली, चाचणी बंद.

"म्हणजे माझ्या उलट्या फुकटच गेल्या म्हणायच्या!" चिमणी हसत म्हणाली.

बायकोला पेशींचं काही घेणंदेणं नव्हतं. तिनं सुरी थांबवून मुद्द्याचं विचारलं. "त्या बाईनं बोलू दिलं तुम्हाला?"

दोघी त्याच्याकडे बघत होत्या. "भांडलो," एवढंच म्हटलं असतं तरी काम झालं असतं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, लेकीनं गळ्यात हात टाकले असते आणि बाईंच्या नावानं आणखी वीस वर्षं सुखात गेली असती. शब्द तोंडाशी आलाही होता. पण त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"दिलं," तो म्हणाला. "त्यांनी कधी अडवलंच नव्हतं."

"म्हणजे? मग इतकी वर्षं..." बायको म्हणाली, आणि पुन्हा भाजी चिरू लागली.

चिमणीचे पाय हलायचे थांबले होते. "बाबा," तिनं विचारलं, "मी ती पहिली सुई घेतली ना, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती."

ती काहीतरी बोलेल म्हणून तो वाट बघत राहिला. रागावली असती, रडली असती, नाहीतर नेहमीसारखी थट्टा केली असती, तरी चाललं असतं. ओट्यावरून उतरून तिनं दंडावरची बाही नीट खाली ओढली आणि पाण्याचा ग्लास भरून त्याच्या हातात दिला. ज्या पोरीचं तोंड झोपेतही मिटत नसे, ती त्या रात्री जेवण होऊन झोपायला जाईपर्यंत एक अक्षर बोलली नाही.